मॅटीवरचे वाफे

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला तेव्हा मी चंदनसारला भाजीवाल्यापुढे उभी राहून गवार निवडत होते. फोटो पाठवणारी माझी ऑफिसातली जुनी मैत्रीण, वसईत पापडीला राहणारी. खाली लिहिलं होतं, ‘सासूबाईंनी लहानपणी केलेलं आहे. तुझ्या त्या वेडात बसतं का बघ.’ मी फोटो बोटांनी मोठा केला आणि हातातली गवार तराजूत टाकायची ती भाजीवाल्याच्या पाण्याच्या बादलीत टाकली. तो काहीतरी बोलला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, आणि आलं असतं तरी मी त्या वेळी कुणाचं ऐकणाऱ्यातली नव्हते.

काचेच्या चौकटीत पिवळट पडलेलं मॅटीचं, टाक्यांसाठी घरं मोजता येतील अशा विणीचं कापड होतं. त्यावर लाल दोऱ्याच्या बारीक फुल्यांनी भरलेली अक्षरं, क पासून ज्ञ पर्यंत. खाली अंक, मग वेल, वेलीच्या दोन टोकांना दोन पक्षी. अगदी खाली एका मुलीचं नाव आणि ‘वय वर्षे दहा’. आणि ती अक्षरं मराठी होती! इंग्रजी ए-बी-सी-डी घातलेली कापडं मी पुष्कळ पाहिली होती, वसईत, मुंबईत, परदेशातल्या संग्रहांच्या फोटोंत. मराठी मुळाक्षरांचं इतकं जुनं सँपलर मला बारा वर्षांत एकदाही दिसलं नव्हतं. मी भाजी तिथेच ठेवून रिक्षात बसले.

सँपलर म्हणजे काय हे मी इतक्या जणांना समजावलंय की आता मी तोंड उघडलं की नातेवाईक चप्पल शोधायला लागतात. तरी सांगतेच. छापील नमुन्यांची पुस्तकं नव्हती तेव्हा बायका नवा टाका दिसला की तो कापडाच्या लांब पट्टीवर घालून ठेवत आणि पट्टी गुंडाळून ठेवून देत. विसरलं की उघडून बघायचं. पुढे ते काम मुलींच्या शाळांत शिरलं आणि त्यात अक्षरं आली. अक्षरं अशासाठी की चादरी, अभ्रे, टॉवेल सगळ्यांचे एकत्र धुवायला गेले तरी कुणाचं कुठलं ते कोपऱ्यातल्या अक्षरावरून कळावं. दोरा लाल अशासाठी की तो धुतला तरी रंग सोडत नाही. मग प्रत्येक मुलीने अक्षरं, अंक, वेलबुट्टी एकाच कापडावर भरायची आणि खाली आपलं नाव आणि वय घालायचं अशी रीत पडली. मिशनच्या शाळांमधून ती आपल्याकडे आली. आमच्या साध्या मराठी शाळेत शिवणकामाच्या तासाला कापडाच्या चौकोनांवर टाके घालून वहीत चिकटवायचो, तीही त्याच घराण्यातली.

ती सातवीतली वही मी अजून जपली आहे. महिला मंडळात कुणी बोलायला बोलावलं की मी ती उंच धरून म्हणायचे, “हे माझं पहिलं सँपलर.” लगेच टाळ्या. त्या वहीबद्दल पुढे सांगायचं आहे.

माझे दोन नियम आहेत. पहिला, कापडाची मागची बाजू आधी बघायची. पुढची बाजू बाई लोकांना दाखवण्यासाठी करते, मागची दाखवायची नसते, म्हणून तिथे खरं सापडतं. दोरा कुठे संपला, कुठे उसवून पुन्हा घातला, कुठे कंटाळा आला, सगळं. दुसरा नियम, जुन्या कापडाला सुई लावायची नाही. भोक पडलं असेल तर भोकासकट ठेवायचं. उमेळ्याला एका बाईंनी आपल्या आजेसासूच्या कामावर कसरीने पाडलेली भोकं नव्या दोऱ्याने भरली होती. त्यांच्या घरी, त्यांचाच चहा पिताना, मी त्यांना इतकं बोलले की पुन्हा त्यांनी मला दारात उभं केलं नाही.

पापडीला मी बुधवारी सकाळी पोचले. मैत्रिणीचं घर चर्चच्या मागच्या गल्लीत. पुढे पडवी, बाजूला विहीर आणि उरलेल्या वाडीत केळी आणि थोडी भाजी. सासूबाई पडवीत बसल्या होत्या. शहाऐंशी वर्षांच्या, ताठ, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या. गावातल्या शाळेत त्यांनी उभा जन्म पहिलीचा वर्ग शिकवला होता. घरात सुनेशी त्या त्यांच्या घरच्या बोलीत बोलायच्या, त्यातलं मला निम्मंच कळायचं. माझ्याशी मात्र त्या स्वच्छ शाळेच्या मराठीत बोलल्या.

“बस, बाय. चुळबुळ करू नको. कापड कुठे पळून जात नाही.”

मी बसले. पण मला कुठला धीर. येत्या रविवारी चर्चच्या हॉलमध्ये गावातल्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन होतं, त्याची व्यवस्था मैत्रीण बघत होती, आणि तिला या कापडाखाली लावायची चिठ्ठी माझ्याकडून लिहून हवी होती. मी म्हटलं, “मावशी, मी चौकट उघडली तर चालेल? मागून बघितल्याशिवाय मला काही लिहिता येत नाही.”

त्यांनी चौकटीकडे एकदा बघितलं. मग म्हणाल्या, “उघड. त्यात काय बघणार तू?”

मागचा खाकी कागद ठिसूळ झाला होता, बारीक खिळे गंजले होते. अर्धा तास लागला. मी कापड स्वच्छ चादरीवर पालथं घातलं आणि भिंग लावलं.

मागच्या बाजूला अक्षरं दिसतच नव्हती. दिसत होत्या फक्त आडव्या ओळी, कापडाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. अक्षर येणारी मुलगी कशी भरते? आधी ‘क’ पूर्ण करते, मागे दोरा अडकवून तोडते, मग ‘ख’ घेते. प्रत्येक अक्षरामागे दोऱ्याची शेपटी राहते. इथे तसं एकही नव्हतं. करणारीने सगळ्या अक्षरांच्या माथ्याची पहिली रांग डावीकडून उजवीकडे एका दमात घातली होती, मधल्या मोकळ्या जागेवरून दोरा मागून तसाच पुढे नेला होता, मग एक घर खाली उतरून उजवीकडून डावीकडे. दोरा बदलला होता तो संपला तिथेच, मग ते ‘ठ’चं पोट असो नाहीतर ‘ध’ची मान. तिच्यासाठी ‘ठ’ कुठे संपतो आणि ‘ड’ कुठे सुरू होतो याला काही अर्थच नव्हता. तिने अक्षरं नव्हे, घरं मोजली होती. आणि एकही घर चुकलं नव्हतं!

मी ओरडलेच. “अगं, हे जिने केलंय तिला वाचता येत नव्हतं!”

चहाचे कप घेऊन येणारी मैत्रीण दारातच थांबली आणि हसायला लागली. “काय बोलतेस? मम्मीला? अर्ध्या पापडीला तिने बाराखडी शिकवलीय.”

मी हसले नाही. मी अशी आहे की एकदा काही सापडलं की समोर माणूस आहे हे विसरते. मी भिंग मावशींच्या हातात देऊन पुढे बोलतच राहिले. हा बघा दोरा, या कडेपासून त्या कडेपर्यंत, ही बघा उडी, दहा वर्षांच्या मुलीचा हात इतका एकसारखा असतो का, हा तर कामाने तयार झालेला मोठ्या बाईचा हात आहे. बोलता बोलता मी वर पाहिलं. मावशींनी भिंग मांडीवर ठेवलं होतं आणि त्यांचा चेहरा उतरला होता.

“मला पडायचंय जरा,” त्या म्हणाल्या. “ते होतं तसं बंद करून ठेव.”

त्या आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. मैत्रीण हलक्या आवाजात म्हणाली, “हे कापड म्हणजे तिचा जीव आहे गं. त्यावर तिला शाळेत पहिलं बक्षीस मिळालं होतं. त्या बक्षिसामुळे वडिलांनी शाळा चालू ठेवली, नाहीतर चौथीनंतर वाडीत कामालाच घालणार होते. गावात सगळ्यांना माहीत आहे ही गोष्ट.” मग ती माझ्याकडे नीट बघून म्हणाली, “तू चिठ्ठीत हे असलं काही लिहिणार नाहीस ना?”

परतीच्या बसमध्ये मी स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की बाजूच्या बाईने पिशवी मांडीवर ओढून घेतली. एका म्हाताऱ्या शिक्षिकेला मी तिच्या पडवीत, तिच्या सुनेसमोर चोर ठरवून आले होते. आणि कोण? मी? ज्या वहीच्या जोरावर मी टाळ्या घेत होते ती वही कुणी केली होती?

ती माझ्या आईने केली होती. सगळ्यांच्याच वह्या आयांनी केल्या होत्या. वर्गातल्या एकूण एक मुलींच्या. धावदोरा, हेम, साखळी, गहू टाका, काज, सगळं आयांनी दुपारची भांडी झाल्यावर बसून केलं होतं आणि मुलींनी वर सुवाच्य अक्षरात आपलं नाव घातलं होतं. शिवणाच्या बाईंनाही ते कळत असणार. म्हणूनच तर मावशींच्या कापडाची मागची बाजू बघताबघता हात दुसऱ्या कुणाचा आहे हे माझ्या इतकं चटकन ध्यानात आलं. मला ही लबाडी आतून ठाऊक होती.

घरी आल्याआल्या मी कपाटातून वही काढली. आई टीव्हीसमोर शेंगा सोलत बसली होती. मी वही तिच्यापुढे धरली. “आई, ही तूच केलीस ना?”

तिने चष्मा वर केला, पान उलटलं, काजाच्या टाक्यावरून बोट फिरवलं. “सहा दिले होते त्या बाईने,” ती म्हणाली. “दहापैकी सहा. ‘टाका एकसारखा नाही’ म्हणे. माझा टाका! तुझ्या दोन्ही मावशांची पोलकी मी शिवलीत.”

चाळीस वर्षांवर झाली होती त्याला. तिच्या आवाजात तो राग ताजा होता, आणि मला एकदम रडायलाच आलं. मी तिला कधी विचारलं नव्हतं. मी दर वेळी ‘माझं पहिलं सँपलर’ म्हणून वही उंच धरत होते आणि ही घरी शेंगा सोलत होती.

शुक्रवारी मी पुन्हा पापडीला गेले, न विचारता. मावशी विहिरीपाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी तोंड फिरवलं. मी वही त्यांच्या मांडीवर ठेवली.

“हे माझं सातवीचं शिवण,” मी म्हटलं. “वर माझं नाव आहे. आतला एकही टाका माझा नाही. सगळं आईने केलं. आणि मी भाषणांमधून सांगत फिरते की मी केलं.”

त्यांनी वही उघडली. शिक्षिकाच ती, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत प्रत्येक पान बघितलं. मग म्हणाल्या, “सहाच दिलेत?”

“हो.”

“ही बाई आंधळी होती काय?” आणि त्या हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. मग त्यांनी मला सांगितलं.

“मला सुई धरता यायची नाही. आजही येत नाही. आमच्या मिशनच्या शाळेतल्या सिस्टरांनी चौकोनांच्या कागदावर अक्षरं काढून दिली होती, घर मोजून टाके घालायचे. मी दोन घरं घातली की बोटात सुई. मला वाचायचं असायचं. आई म्हणाली, तू वाच, मी टोचते. दुपारी रहाट थांबला की इथेच विहिरीवर बसायचो. मी धडा मोठ्याने वाचायची, ती कागद गुडघ्यावर ठेवून भरायची.” त्यांनी बोट उचलून वाडीकडे केलं. तिथे गडी वांग्याची रोपं लावत होता, एक ओळ या बांधापासून त्या बांधापर्यंत, मग पाय सरकवून खालची ओळ उलट दिशेने. “तू परवा म्हणालीस ना, या कडेपासून त्या कडेपर्यंत. ती वाफा लावायची तसंच. मला तेव्हाच कळलं होतं की तुला कळलं.”

मी त्या गड्याकडे बघत राहिले. हे कुठल्या पुस्तकात मिळालं असतं मला? मागच्या बाजूच्या त्या ओळी मी भिंगातून अर्धा तास वाचल्या होत्या आणि तो वाफा आहे हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. एका बाईने अक्षर न ओळखता सगळी मुळाक्षरं लावली होती, भाजीची रोपं लावावीत तशी, अंतर मोजून, एकही न चुकता!

“कापड पूर्ण झालं,” मावशी पुढे म्हणाल्या, “तेव्हा तिने विचारलं, यात तुझं नाव कुठे आहे? मी बोट ठेवून दाखवलं. तिने त्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, आणि माझं?”

विहिरीवर पंप चालू झाला होता, तो बंद होईपर्यंत त्या थांबल्या.

“मी म्हटलं, फक्त मुलीचं घालतात. आणि जागाही नाही म्हटलं. जागा होती गं. नावाखाली आडवी चांगली वीतभर होती. मला भीती होती की तिचं नाव घातलं तर सिस्टरांना कळेल. ती म्हणाली, बरं. पुन्हा कधी तिने विचारलं नाही. मी गावातल्या सगळ्यांना अक्षर शिकवलं, आणि आईला तिचं नाव कसं दिसतं तेवढं दाखवायचं राहिलं. ती अंगठा देऊनच गेली.”

मी म्हटलं, “मावशी, चिठ्ठीत मी त्यांचं नाव लिहिते. मोठ्या अक्षरात.”

“चिठ्ठी रविवारी संध्याकाळी फेकून देतील,” त्या म्हणाल्या. “मला ते कापडावर हवंय. तिथे जागा आहे. आणि ते मीच घालणार.”

आता माझी पंचाईत बघा. बारा वर्षं ज्या नियमावर लोकांशी भांडले, उमेळ्याच्या त्या बाईंचा कायमचा अबोला ओढवून घेतला, तो नियम. माझ्या माहितीतलं एकमेव मराठी सँपलर, आणि त्यात सुई घालणार कोण, तर जिला शहाऐंशी वर्षांत सुई धरता आली नाही ती! मी म्हटलं, वेगळ्या कापडावर घाला, मी बाजूला लावते. नाही. मी म्हटलं, दोरा नवा दिसेल, वेगळा दिसेल. “दिसू दे,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, कापड जुनं आहे, फाटेल. त्यांनी पहिलीच्या वर्गाकडे बघतात तसं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “बाय, तुझा नियम कुणासाठी आहे? कापडासाठी, का जिने केलं तिच्यासाठी?”

मी अर्धा तास वाडीत फेऱ्या मारल्या. मग आत जाऊन चौकट उघडली.

मैत्रिणीकडे लाल दोऱ्याची लडी होती. गणिताच्या वहीतल्या चौकोन आखलेल्या कागदावर मी नावाची अक्षरं काढून दिली, घरं मोजून. मावशींनी दोन वेळा सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला, जमला नाही, आणि सुई माझ्यापुढे धरली. मी दोरा ओवून दिला.

तीन अक्षरांच्या नावाला दोन तास लागले. फुल्या वेड्यावाकड्या, काही मोठ्या काही लहान, एकीला तर चौथा पायच नव्हता. दोनदा बोटात सुई गेली. मैत्रीण दारात उभी राहून बघत होती, विहिरीवरचं आमचं बोलणं तिने ऐकलं होतं. मावशी एक अक्षर पूर्ण करायच्या, ते ओठांतल्या ओठांत म्हणायच्या, मागे दोरा अडकवायच्या आणि मला कापायला सांगायच्या. मग पुढचं.

शेवटची शेपटी कापल्यावर मी सवयीने कापड पालथं केलं. वर त्या आईचे वाफे, या कडेपासून त्या कडेपर्यंत न तुटणारे. खाली तीन वेगळे लाल ठिपके, प्रत्येकाला आपापली दोऱ्याची शेपटी. माझ्यासारखी कुणी भिंग घेऊन पुढेमागे आली तर तिला लगेच कळेल की इथे दोन बायका बसल्या होत्या, आणि दुसरीला वाचता येत होतं.

मी ते मावशींना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून, कापड डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघितलं.

“सुलटं कर,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी आईच्या नावाच्या पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं, वर्गात ठेवत असतील तसं, आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे वळून ते नाव एकेक अक्षर करून मोठ्याने वाचून दाखवलं.